तवंगाखालचे पाणी

खानदेशातील मुलांना पाण्याची ओढ फार. चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, केळीच्या बागांवरून गरम झळा वाहू लागल्या, की जळगाव-धुळ्याकडील गावोगावच्या विहिरी आणि नद्यांतील डोह मुलांच्या आरोळ्यांनी गजबजून जातात. कोणी काठावरून सूर मारतो, कोणी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारतो, तर कोणी तळापर्यंत बुडी मारून मूठभर वाळू वर आणून दाखवितो. नवशिक्याच्या पाठीला सुका भोपळा बांधलेला असतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवीत काका किंवा थोरला भाऊ काठावर बसलेला असतो. पोहण्याची विद्या अशी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.

या मुलांपैकीच एखादा पट्टीचा पोहणारा पुढे गावाचा आधार होतो. तापीच्या पुरात कोणी सापडले, गिरणेच्या डोहात कोणी बुडू लागले किंवा विहिरीत एखादे जनावर पडले, की त्यालाच हाक जाते. पाण्याचे त्याला भय वाटत नाही. परंतु कोणत्या पाण्यात उतरावे आणि कोणत्या पाण्यात उतरू नये, हे ओळखणे हाही पोहण्याच्या विद्येचाच एक भाग आहे. भोवरा, गाळ, शेवाळ आणि पाण्याखालची झाडेझुडपे यांची माहिती त्याला वडीलधाऱ्या माणसांकडून मिळालेली असते. एक धोका मात्र असा आहे, की जुन्या माणसांना तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो यंत्रांच्या पाठोपाठ आला. पाण्यावर पसरलेले खनिज तेल हा तो धोका होय.

नदीच्या काठी मालमोटार धुतली गेली किंवा यंत्राचे वंगण पाण्यात ओघळले, की पाण्यावर एक चमत्कार दिसू लागतो. जांभळा, हिरवा, पिवळा, तांबूस असे रंग पाण्यावर वळसे घेत पसरतात. इंद्रधनुष्याचा एखादा तुकडाच आकाशातून गळून पडला असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. या रंगीत पडद्याला तवंग म्हणतात. दिसावयास तो सुंदर असतो. परंतु पाण्यात उतरणाऱ्याला ती धोक्याची सूचना असते.

तवंगाला हे रंग कोठून येतात? तेलाला स्वतःचे असे सात रंग नसतात. तवंगाच्या वरच्या बाजूवरून काही प्रकाश परत फिरतो आणि खालच्या बाजूवरूनही काही प्रकाश परत फिरतो. हे दोन्ही किरण एकत्र येताना काही रंग उठून दिसतात, तर काही नाहीसे होतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेही याच कारणाने. असे रंग दिसण्यासाठी पडदा अतिशय पातळ असावा लागतो. तवंगाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असली, की त्यावर इंद्रधनुष्य उमटते. म्हणूनच थोड्याशा तेलाने पुष्कळ पाणी झाकले जाते. एक लिटर तेल मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतके पातळ पसरले, तर ते सुमारे तीन हजार चौरस मीटर पाणी व्यापते. एवढी जागा म्हणजे जवळजवळ पाऊण एकराचे शेत झाले.

आश्चर्याची गोष्ट अशी, की प्राचीन काळी पाणबुडे स्वतःच तेल घेऊन पाण्यात उतरत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले आहे, की पाणबुडे तोंडातून तेल सोडतात. त्यामुळे वरचे पाणी शांत होते आणि खाली उजेड पोचतो. अठराव्या शतकात अमेरिकेतील विद्वान बेंजामिन फ्रँकलिन याच्या वाचनात ही हकीकत आली होती. त्याने लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यात चहाच्या चमच्याएवढे तेल ओतून पाहिले. वाऱ्याने उठलेल्या लहान लहान लाटा मावळल्या आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे नितळ झाले. हा प्रयोग १७७४ साली प्रसिद्ध झाला. परंतु ते तेल चमचाभर किंवा तोंडभरच असे. जमिनीच्या पोटातून उपसलेले खनिज तेल हजारो टनांनी वाहून नेण्याचा काळ अजून यावयाचा होता.

खनिज तेल हा एकच पदार्थ नव्हे. त्यात शेकडो निरनिराळे घटक मिसळलेले असतात. ते घटक वेगळे करूनच पेट्रोल, घासलेट, डिझेल, वंगण आणि शेवटी डांबर मिळते. यांतील हलके घटक उघड्यावर येताच वाफ होऊन हवेत मिसळतात. जड घटक मागे राहतात. मोठ्या जहाजांच्या इंजिनात जाळले जाणारे तेल बहुधा काळे, दाट आणि चिकट असते. असे तेल समुद्रात सांडले, की प्रथम त्यातील हलका भाग उडून जातो. मग लाटा त्यात पाणी घुसळतात, तेव्हा त्याचा तपकिरी, लोण्यासारखा लगदा बनतो. बरेच दिवसांनी त्याचे डांबरासारखे काळे गोळे होतात. पावसाळ्यात मुंबईच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर असे गोळे अनेकदा वाहून आलेले दिसतात.

खानदेशापासून समुद्र दूर आहे खरा. पण त्याचा संबंध तुटलेला नाही. मुलताईजवळ उगम पावलेली तापी चांगदेव येथे पूर्णेला पोटात घेते, पुढे गिरणेचे आणि पांझरेचे पाणी घेते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. खानदेशचा कापूस आणि केळी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून परदेशी जातात. त्याच बंदराच्या वाटेवर २०१० साली तेल सांडण्याचा एक मोठा अपघात घडला.

त्या वर्षीच्या ७ ऑगस्टच्या सकाळी ‘एमएससी चित्रा’ नावाचे मालवाहू जहाज बंदरातून बाहेर पडत होते. त्याच वेळी ‘खलिजिया-३’ हे जहाज आत येत होते. या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा जहाजाला भगदाड पडले आणि ते एका कुशीवर कलले. त्यावर बाराशेहून अधिक लोखंडी पेट्या रचलेल्या होत्या. त्यांपैकी अनेक पेट्या पाण्यात घसरून पडल्या. काही तरंगत राहिल्या, काही बुडाल्या. काही पेट्यांत कीटकनाशके होती. जहाजाच्या टाक्यांत सुमारे २,६०० टन इंधन तेल होते. त्यातील सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले असावे, असा अंदाज करण्यात आला. जहाजावरील माणसे सुखरूप वाचली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

समुद्रात सांडलेले तेल आवरण्याचे काम भारतात तटरक्षक दलाकडे असते. त्या दलाची जहाजे आणि हेलिकॉप्टरे कामाला लागली. तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखुरणारी रसायने फवारण्यात आली. पण ते दिवस पावसाळ्याचे होते आणि समुद्र खवळलेला होता. तेल मुंबईच्या आणि रायगडच्या किनाऱ्यांवर पोचले. खारफुटीच्या झाडांची मुळे काळी पडली. या झाडांची श्वास घेणारी मुळे चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर तेलाचा लेप बसला म्हणजे झाड गुदमरते. मासेमारी थांबली. पाण्यात पडलेल्या पेट्यांमुळे बंदरात जहाजांची ये-जा काही दिवस बंद ठेवावी लागली.

अशा पाण्यात कोणी कशासाठी उतरावे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु काही कामे अशी असतात, की ती पाण्याखाली गेल्यावाचून होत नाहीत. फुटलेल्या जहाजाला भोक कोठे पडले आहे ते पाहावे लागते. ते बुजवावे लागते. बुडालेल्या जहाजाच्या टाक्यांत तेल राहिले असेल, तर नळी जोडून ते वर उपसून घ्यावे लागते. नाहीतर टाकी गंजून फुटेल आणि तेच तेल पुढे केव्हातरी बाहेर पडेल. तळाशी गेलेल्या पेट्या शोधून वर काढाव्या लागतात. ही कामे शिकलेले पाणबुडे करतात. त्यांना कोणत्या संकटांना तोंड द्यावे लागते, हे पाहिले म्हणजे नुसत्या अंगाने अशा पाण्यात उतरणे किती अविचाराचे आहे, ते समजून येते.

पाणबुडा कितीही खोल गेला, तरी त्याला पाण्याचा पृष्ठभाग दोनदा ओलांडावाच लागतो. एकदा खाली जाताना आणि एकदा वर येताना. घराचा उंबरठा चुकवून जसे घरात जाता येत नाही, तसा हा पृष्ठभागही चुकविता येत नाही. तवंग नेमका या उंबरठ्यावर पसरलेला असतो. जो बुडी मारून वर येतो, त्याचे डोके तवंगातूनच बाहेर निघते. केस, डोळे, नाक आणि ओठ यांना तेल लागते. आणि त्याच क्षणी, दम संपल्यामुळे, तो तोंड उघडून जोराने श्वास आत ओढतो. इतर सर्व संकटांहून हा क्षण अधिक धोक्याचा असतो.

त्या श्वासाबरोबर काय आत जाते? तेलातील हलक्या घटकांची वाफ हवेपेक्षा जड असते. वारा नसला, तर ती पाण्यालगतच साचून राहते. काठावर उभ्या असलेल्या माणसाचे नाक पाण्यापासून पाच फूट उंच असते; पोहणाऱ्याचे नाक पाण्यापासून चार बोटे वर असते. म्हणून काठावरच्या माणसाला नुसता वास येतो आणि पाण्यातल्या माणसाच्या छातीत विषारी वाफ भरते. डोके दुखू लागते, चक्कर येते, मळमळते, विचार मंदावतो. वाफ दाट असेल, तर शुद्ध हरपते. जमिनीवर शुद्ध हरपलेला माणूस खाली पडतो. पाण्यात शुद्ध हरपलेला माणूस बुडतो. शिवाय या वाफेत बेंझीन नावाचा घटक असतो. दीर्घकाळ त्याच्या सान्निध्यात राहणाऱ्याला रक्ताचा कर्करोग होण्याची भीती असते.

वाफेइतकेच भय तोंडात जाणाऱ्या तेलाचे असते. गिळलेले तेल पोटाला त्रास देतेच. पण ठसका लागून त्याचे थोडेसे थेंब श्वासनळीत उतरले, तर फुप्फुसांना सूज येते आणि श्वास घेणे कठीण होते. पेट्रोल आणि घासलेट ही पातळ तेले याबाबतीत फार घातक असतात. पाणी छातीत गेले तर खोकून बाहेर टाकता येते. तेलाचा पातळ थर मात्र फुप्फुसाच्या आतल्या नाजूक भागावर पसरत जातो. डोळ्यांना तेल लागले, की आग होते आणि दिसेनासे होते. कातडीवर ते राहिले, तर पुरळ उठतो आणि काही घटक कातडीतून शरीरात शिरतात.

तवंगाच्या खाली गेल्यावर तरी सुटका होते काय? तशीही होत नाही. दाट तेल वर पसरलेले असले, म्हणजे सूर्याचा प्रकाश खाली पोचत नाही. भर दुपारी पाण्याखाली अंधार होतो आणि वाट चुकते. तेल पूर्णपणे वरच राहते असेही नाही. लाटांनी घुसळल्यामुळे किंवा फवारलेल्या रसायनांमुळे त्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते पाण्यात खोलवर तरंगत राहतात. काही तेल वाळूच्या आणि मातीच्या कणांना चिकटून जड होते आणि तळाशी जाऊन बसते. वरचे पाणी स्वच्छ दिसत असतानाही तळाच्या गाळाला हात लावताच काळा ढग उठतो. म्हणून तवंग वाऱ्याने दूर गेला, एवढ्यावरून पाणी शुद्ध झाले असे समजता येत नाही.

पाणबुड्याचे साहित्यही तेलापुढे दुबळे पडते. फ्रान्समधील जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ साली पाठीवरच्या नळकांड्यातून मोकळेपणी श्वास घेता येईल असे साधन तयार केले आणि समुद्राचा तळ माणसाला खुला झाला. परंतु या साधनाच्या नळ्या, पडदे आणि झडपा यांत रबर असते. तेलाच्या स्पर्शाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचा आकार बिघडतो. झडप नीट मिटली नाही, तर श्वासाबरोबर दूषित पाण्याचे तुषार तोंडात येतात. मुखवट्याच्या काचेवर तेलाचा थर बसतो. पुसावा तर तो अधिकच पसरतो. पोहण्याचा साधा रबरी पोशाख स्पंजासारखा तेल शोषून घेतो आणि ते तेल अंगाशी धरून ठेवतो.

याहूनही फसवे संकट वरून येणाऱ्या हवेचे असते. पाणबुड्यासाठी हवा दाबून भरणारे यंत्र नौकेवर असते. ते यंत्र तवंगाच्या जवळची हवा ओढू लागले, तर वाफ थेट पाणबुड्याच्या नळकांड्यात जाते. आता खोलीचा परिणाम पाहावा. पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो. तेथे घेतलेल्या प्रत्येक श्वासात पृष्ठभागावरच्या श्वासाच्या चौपट हवा मावते, आणि तिच्यात मिसळलेले विषही चौपट मावते. वर जे प्रमाण सहन होण्यासारखे असते, तेच खाली घातक ठरू शकते.

या सर्व संकटांवर उपाय शोधलेले आहेत. पण ते खर्चाचे आणि कष्टाचे आहेत. दूषित पाण्यात काम करणारा पाणबुडा पायाच्या तळव्यापासून मानेपर्यंत एकसंध, कोरडा पोशाख घालतो. त्याचे हातमोजे आणि बूट पोशाखाला घट्ट जोडलेले असतात. डोक्यावर संपूर्ण शिरस्त्राण असते, त्यामुळे चेहऱ्याला पाण्याचा स्पर्शही होत नाही. श्वास बाहेर सोडण्याच्या झडपा दुहेरी असतात. हवा पाठीवरून नव्हे, तर नळीने वरून येते, आणि हवा ओढणारे यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला, तवंगापासून दूर ठेवलेले असते. नौकेवरील सोबती त्याच्याशी सतत बोलत असतात. पाण्यात उतरण्यासाठी शक्यतो तवंग बाजूला सारून मोकळी जागा केली जाते.

वर आल्यावर तो लगेच शिरस्त्राण काढीत नाही. प्रथम त्याच्यावर साबणाच्या पाण्याचा मारा केला जातो. घासून, धुऊन सर्व तेल निघाल्यावरच पोशाखाची बंधने सोडली जातात. हे काम करणाऱ्या सोबत्यांनाही हातमोजे आणि चष्मे घालावे लागतात. आपल्याकडच्या उन्हात अशा बंद पोशाखात घामाच्या धारा लागतात आणि उष्माघाताचीही भीती असते. म्हणून एका माणसाला फार वेळ पाण्यात ठेवीत नाहीत.

मुंबईच्या अपघाताच्या वर्षीच, २० एप्रिल २०१० रोजी, अमेरिकेजवळच्या मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ नावाच्या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट झाला. अकरा माणसे मृत्युमुखी पडली आणि समुद्राच्या तळातून ८७ दिवस तेल वाहत राहिले. त्या तेलाखाली काय घडत आहे हे जगाला दाखविण्यासाठी जाक कुस्तोचा नातू फिलिप कुस्तो मे महिन्यात तेथे पाण्यात उतरला. लहानपणापासून समुद्राशी ओळख असलेल्या या माणसानेही उतरण्यापूर्वी सर्वांग झाकणारा बंद पोशाख चढविला, आणि बाहेर आल्यावर त्याला धुऊन काढावे लागले. जो निष्णात असतो, तोच सावध असतो.

आता दृष्टी पुन्हा खानदेशाकडे वळवावी. येथे जहाजे नाहीत. पण तेल आहे. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे जिल्ह्यात तापी ओलांडतो आणि त्यावरून तेलाच्या टँकरांची रात्रंदिवस ये-जा चालते. टँकर नदीत किंवा नाल्यात उलटला, तर जे मुंबईच्या समुद्रात घडले तेच लहान प्रमाणात येथे घडू शकते. विहिरीची गोष्ट तर समुद्राहूनही बिकट आहे. समुद्रावर वारा वाहतो आणि वाफ पांगते. खोल विहिरीत वारा शिरत नाही. पेट्रोल किंवा घासलेट सांडलेल्या विहिरीत जड वाफ पाण्यावर भांड्यात भरल्यासारखी साचून राहते. पूर्वी पुष्कळ विहिरींवर डिझेलची इंजिने होती. आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आले आहेत. तरीही कोठे कोठे गाळ काढण्यासाठी किंवा पाणी उपसण्यासाठी इंजिन विहिरीत उतरवितात. त्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. असा धूर कोंडलेल्या विहिरीत उतरणारा माणूस काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध होऊन पडतो. आणि त्याला काढावयास धावणाऱ्याचीही तीच गत होते.

विहिरीतील हवा पाहण्यासाठी जळता कंदील दोराने खाली सोडण्याची जुनी रीत आहे. ज्योत विझली, की खाली प्राणवायू कमी आहे असे समजतात. पण जेथे पेट्रोलचा किंवा घासलेटाचा वास येतो, तेथे ही रीत चालत नाही. ती वाफ पेट घेणारी असते आणि कंदिलाने स्फोट होऊ शकतो. अशा वेळी काडी ओढणे, विडी पेटविणे, एवढेच काय, विजेचा पंप सुरू करणेही टाळले पाहिजे.

मग तेल पसरलेल्या पाण्यात कोणी बुडत असेल, तर पोहणाऱ्याने काय करावे? त्याच्या मनाची ओढ उडी घेण्याकडे असते, आणि ही ओढ थोर आहे. परंतु अशा पाण्यात घेतलेल्या उडीने बुडणाऱ्यांची संख्या एकाने वाढण्याचा संभव असतो. त्याने प्रथम मोठ्याने हाका मारून माणसे जमवावीत. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला उभे राहावे. दोर, लांब बांबू, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट बसविलेला रिकामा डबा बुडणाऱ्याकडे टाकावा. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करून पाण्यात तेल आहे हे आधी सांगावे, म्हणजे मदतीला येणारे लोक योग्य साहित्य घेऊन येतील. ज्याला पोहता येते त्याने अशा वेळी काठावर थांबणे, हा भित्रेपणा नव्हे. तेही धैर्याचेच काम आहे.

पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत न्यावे. तेलाने भिजलेले कपडे काढावेत. डोळे स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावेत. अंग साबणाने धुवावे. डांबरासारखे तेल चिकटले असेल, तर आधी त्यावर गोडेतेल चोळावे आणि मग साबण लावावा. तेल काढण्यासाठी घासलेट किंवा पेट्रोल मुळीच वापरू नये. तेल पोटात गेले असेल, तर ओकारी करविण्याचा प्रयत्न करू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरण्याची भीती असते. अशा माणसाला विनाविलंब डॉक्टरांकडे नेणे हाच योग्य उपाय होय. तो बरा दिसत असला तरी त्याला नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसांची सूज काही तासांनंतरही दिसू लागते.

या सर्व उपायांहून सोपा उपाय म्हणजे तेल पाण्यापर्यंत पोचू न देणे. मोटारीचे, ट्रॅक्टरचे किंवा पंपाचे जुने काळे वंगण नाल्यात ओतले, तर पहिल्या पावसाबरोबर ते नदीत जाते. गाडी नदीत उभी करून धुतली, तर तिच्या तळाचे सर्व तेल पाण्यात उतरते. ज्या एका लिटरने पाऊण एकर पाणी झाकले जाते, तो लिटर डब्यात साठवून जुने वंगण विकत घेणाऱ्याकडे पोचविणे फारसे कठीण नाही. गाडी काठापासून दूर, बादलीने पाणी घेऊन धुता येते. विहिरीजवळ तेलाचा डबा ठेवण्याची सवय मोडता येते.

समुद्रातील मोठे अपघात टाळणे मोठ्या माणसांच्या आणि सरकारांच्या हाती आहे. गावच्या डोहातील पाणी निर्मळ ठेवणे मात्र गावाच्याच हाती आहे. जेथे गावकरी ही काळजी घेतात, तेथे बुडी मारून वर येणाऱ्या मुलाचा पहिला श्वास स्वच्छ हवेचा असतो.